पाणबुडीचा शोध आणि यकृतातील गाठ : पॉल लांजव्हँ यांची चरित्रकथा



आपल्या शाळेत अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आपले ज्येष्ठ सर मध्यंतरी आजारी होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांच्याच परवानगीने त्या आजाराविषयी थोडे सांगतो, कारण या अंकातील चरित्राचे मूळ तिथेच आहे.

सरांना तरुणपणी हिपॅटायटिस 'बी'चा संसर्ग झाला होता. त्यातून पुढे यकृत निबर झाले, म्हणजे सिऱ्होसिस झाला. अशा रुग्णांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. सरांनी ती कधी चुकवली नाही. अशाच एका तपासणीत सुमारे दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. एमआरआय झाला, पण त्याच्या चित्रांवरून ही गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे ठामपणे सांगता येईना. तेव्हा डॉक्टरांनी आणखी एक तपासणी केली. हाताच्या शिरेतून अतिसूक्ष्म बुडबुडे रक्तात सोडायचे आणि ते यकृतात पोचताना सोनोग्राफीने पाहायचे, अशी ही तपासणी. ती अर्ध्या तासाच्या आत आटोपली आणि दोन्ही तपासण्या शेजारी शेजारी ठेवल्यावर निदान नक्की झाले.

बरे झाल्यावर सर शाळेच्या विज्ञान मंडळात आले. त्यांनी मुलांना आजारपणाची कहाणी न सांगता एक कोडे घातले. एमआरआय चुंबकावर चालतो आणि सोनोग्राफी आवाजावर चालते. या दोन अगदी निराळ्या तपासण्यांच्या मुळाशी ज्यांचे काम आहे असे एकच शास्त्रज्ञ कोण? मुलांनी बरीच नावे सांगितली, पण बरोबर नाव कुणालाच आले नाही. ते नाव पॉल लांजव्हँ. फ्रान्समध्ये त्यांच्या नावाच्या शाळा आणि रस्ते आहेत. आपल्याकडे मात्र पाठ्यपुस्तकात ते फारसे भेटत नाहीत. ती उणीव या लेखाने थोडी भरून काढावी, असे आम्ही ठरवले.

बालपण आणि गुरू

पॉल लांजव्हँ यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिसच्या माँमार्त्र भागात झाला. जेमतेम वर्षभरापूर्वी या शहराने प्रशियन सैन्याचा वेढा सोसला होता आणि त्यापाठोपाठ कम्यूनचे बंड व त्याचा रक्तपातही पाहिला होता. वडील बांधकामाच्या मोजमापाचे काम करीत. घर साधे होते, श्रीमंती नव्हती. पण मुलाने शिकावे ही आस घरात पक्की होती.

वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८८ साली, लांजव्हँ पॅरिस नगरपालिकेच्या औद्योगिक भौतिकी व रसायन विद्यालयात दाखल झाले. हे विद्यालय १८८२ मध्ये निघाले होते. हाताने काम करणारे आणि डोक्याने विचार करणारे तंत्रज्ञ घडवावेत, हा त्यामागचा हेतू होता. तिथल्या प्रयोगशाळेचे काम एक तरुण, अबोल शिक्षक पाहत असत. त्यांचे नाव पिएर क्यूरी. मादाम क्यूरींचे पती म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण तेव्हा त्यांचे लग्न व्हायचे होते आणि रेडियमचा शोधही लागायचा होता.

या शिक्षकांच्या दोन कामांशी पुढे लांजव्हँ यांच्या आयुष्याची गाठ पडली. पहिले काम १८८० सालचे. पिएर आणि त्यांचे थोरले बंधू जाक यांना असे आढळले की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार उत्पन्न होतो. उलट, स्फटिकाला विद्युतदाब दिला तर तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो, हेही त्यांनी लगेच पुढे दाखवून दिले. याला दाबविद्युत म्हणतात. दुसरे काम चुंबकत्वाचे. काही पदार्थ चुंबकाकडे अगदी क्षीणपणे ओढले जातात आणि तापमान वाढले की ही ओढ ठरावीक प्रमाणात कमी होते, हा नियम पिएर क्यूरींनी १८९५ मध्ये प्रयोगांनी सिद्ध केला. असे का होते, याचे उत्तर मात्र तेव्हा कुणाजवळच नव्हते.

विद्यालयातून बाहेर पडल्यावर लांजव्हँ पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत शिकले. १८९७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेले. जे. जे. थॉमसन यांनी त्याच वर्षी इलेक्ट्रॉनचा शोध लावला होता. त्यांच्या प्रयोगशाळेत न्यूझीलंडहून आलेला आणखी एक विद्यार्थी होता, अर्नेस्ट रदरफर्ड. या दोघांची मैत्री जन्मभर टिकली. पॅरिसला परतल्यावर लांजव्हँ यांनी १९०२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले, आणि पिएर क्यूरी ज्या विद्यालयात शिकवत तिथेच त्यांची जागा त्यांनी घेतली. नंतर अनेक वर्षे ते त्या विद्यालयाचे संचालकही होते.

मैदानावरची मुले आणि अणूंची शिस्त

गुरूंनी मागे ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर शिष्याने १९०५ मध्ये दिले. ते समजण्यासाठी शाळेचे मैदान डोळ्यांसमोर आणा. मधली सुट्टी आहे. मुले वाटेल त्या दिशेला तोंड करून धावत आहेत. इतक्यात सरांची शिट्टी वाजते. काही मुले रांगेत वळतात, काहींच्या अंगातील खेळ अजून संपलेला नसतो. मुले जितकी जास्त दंग असतील तितकी रांग कमी सरळ लागते.

लांजव्हँ यांनी मांडले ते असेच आहे. काही पदार्थांचा प्रत्येक अणू हा एक चिमुकला चुंबक असतो. एरवी उष्णतेमुळे हे चुंबक वेड्यावाकड्या दिशांना हलत असतात, म्हणून एकूण परिणाम शून्य. बाहेरून चुंबक आणला की ते त्याच्या दिशेने वळू पाहतात, पण उष्णता त्यांना पुन्हा विस्कटते. शिट्टी आणि दंगा यांच्या या ओढाताणीचे गणित त्यांनी मांडले आणि क्यूरींचा नियम त्यातून आपोआप निघाला. अशा पदार्थांना समचुंबकीय म्हणतात. ज्या काळात अणू खरोखर असतात की नाही याविषयीच अनेक विद्वानांना शंका होती, त्या काळातले हे काम आहे.

आता सरांच्या एमआरआयकडे वळू. आपल्या शरीरात पाणी भरपूर आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रकसुद्धा एक अतिक्षीण चुंबकच असते. मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात माणूस झोपला की यातील थोडीशी केंद्रके अधिक संख्येने एका दिशेला वळतात. रेडिओ लहरींनी त्यांना जरा हलवले की मूळ जागी परतताना ती संकेत देतात, आणि त्या संकेतांवरून संगणक चित्र तयार करतो. हे तंत्र लांजव्हँ यांचे नव्हे. केंद्रकांचे हे वर्तन पर्सेल आणि ब्लॉक यांच्या गटांनी १९४६ च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवले. त्यावरून चित्र काढण्याची वाट पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवली आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी ती पुढे नेली. या दोघांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण चित्रातील गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून जे औषध देतात, त्यात गॅडोलिनियम नावाच्या धातूचे संयुग असते आणि ते समचुंबकीय असते. ते जिथे पोचते तिथल्या पाण्यातील केंद्रके लवकर मूळ जागी येतात आणि चित्रात तो भाग उजळतो. लांजव्हँ यांनी १९०५ मध्ये ज्या गुणधर्माचा उलगडा केला, त्याच गुणधर्मावर हे औषध काम करते.

समुद्रातला आवाज

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आपटून बुडाली. पाण्याखालचा अडथळा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ओळखता येईल का, हा विचार त्यानंतर अनेकांच्या मनात आला. दोनच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या. स्वित्झर्लंडमध्ये राहणारे रशियन अभियंते कॉन्स्टँटिन शिलोव्स्की यांनी १९१५ मध्ये फ्रेंच सरकारला एक सूचना केली. माणसाला ऐकू न येणारा, अतिशय उच्च वारंवारतेचा आवाज पाण्यात सोडावा आणि पाणबुडीवरून परतणारा प्रतिध्वनी पकडावा, अशी ती सूचना होती. सरकारने हे काम लांजव्हँ यांच्याकडे सोपवले.

सुरुवातीचे प्रयोग पॅरिसमध्ये सेन नदीत झाले, नंतरचे तूलाँच्या नाविक तळावर. पहिली उपकरणे पुरेशी बळकट ठरेनात. तेव्हा लांजव्हँ यांना आपल्या गुरूंच्या स्फटिकांची आठवण झाली. पिएर क्यूरी १९०६ मध्येच रस्त्यावरच्या अपघातात गेले होते. दाबविद्युत ही प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या कामाची गोष्ट म्हणूनच राहिली होती. लांजव्हँ यांनी १९१७ मध्ये क्वार्ट्झच्या चकत्यांना विद्युतदाब देऊन त्या पाण्यात कंप पावतील अशी रचना केली, आणि पुढे क्वार्ट्झचा थर पोलादाच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये बसवला. हा स्फटिक आवाज सोडतो आणि परतलेला आवाज त्याच स्फटिकाला दाबून पुन्हा वीज निर्माण करतो. बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठी एकच साधन. १९१८ मध्ये सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या पाणबुडीचा प्रतिध्वनी त्यांना मिळाला. उपकरण सर्वत्र बसवण्याआधीच नोव्हेंबरमध्ये युद्ध संपले. पुढे याच तत्त्वाचा उपयोग समुद्राची खोली मोजण्यासाठी होऊ लागला.

तूलाँच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. आवाजाच्या झोतात सापडलेले लहान मासे मरत होते, आणि झोतात हात धरला तर वेदना होत असे. ऐकू न येणारा आवाज सजीवांवर परिणाम करतो, ही नोंद पुढच्या संशोधकांना फार मोलाची ठरली. म्हणूनच आजच्या सोनोग्राफीत आवाजाची तीव्रता अगदी बेताची ठेवतात.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर पोटावर जो प्रोब फिरवतात, त्यात आता क्वार्ट्झऐवजी खास बनवलेले सिरॅमिक असते. पण काम तेच. विद्युत झटक्याने कंप पावायचे, श्राव्यातीत ध्वनी पोटात सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. लांजव्हँ यांनी पाणबुडी शोधली, डॉक्टर गाठ शोधतात.

बुडबुडे काय सांगतात

साध्या सोनोग्राफीत गाठ दिसते, पण ती कसली हे पुष्कळदा कळत नाही. ते कळण्यासाठी तिला रक्त कुठून आणि कसे मिळते हे पाहावे लागते. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते आणि उरलेले धमनीतून. यकृतात सुरू झालेल्या कर्करोगाची गाठ मात्र आपले रक्त मुख्यतः धमनीतून ओढते. धमनीचे रक्त आधी पोचते, म्हणून औषध दिल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात ही गाठ भोवतालच्या यकृतापेक्षा जास्त उजळते. नंतर पोर्टल शिरेतले रक्त येते, यकृत उजळते आणि गाठ त्यामानाने फिकी पडते. आधी उजळणे आणि मग ओसरणे ही या कर्करोगाची खूण आहे. सिऱ्होसिसच्या रुग्णात ही खूण स्पष्ट दिसली तर पुष्कळदा सुईने तुकडा काढून तपासण्याचीही गरज उरत नाही. इतर बहुतेक कर्करोगांत अशी सोय नाही.

एमआरआयमध्ये ठरावीक क्षणी एकेक चित्र घेतात. गाठ एखाद्या क्षणापुरती उजळून गेली आणि चित्र पुढच्या क्षणाचे असले, तर ती खूण निसटू शकते. शिवाय गॅडोलिनियमचे औषध रक्तवाहिन्यांतून झिरपून भोवतालच्या पेशींमधील जागेत जाते, त्यामुळे कधी कधी ओसरणे स्पष्ट दिसत नाही. आपल्या सरांचे हेच झाले होते.

बुडबुड्यांचे तसे नाही. ते एका मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके लहान, म्हणजे साधारण तांबड्या रक्तपेशीएवढे किंवा त्याहून बारीक असतात. आत सल्फर हेक्झाफ्लुओराइडसारखा निरुपद्रवी वायू आणि बाहेर स्निग्ध पदार्थाचे पातळ कवच. ते रक्तवाहिन्यांच्या बाहेर जात नाहीत. श्राव्यातीत ध्वनी लागताच ते फुगतात आणि आकसतात, आणि त्यांचा प्रतिध्वनी मांसपेशींच्या प्रतिध्वनीहून वेगळा असतो. यंत्र तो निराळा काढून दाखवते. आवाज वाढवला तर बुडबुडे फुटतात, म्हणून तो मंद ठेवतात. डॉक्टर सेकंदासेकंदाला सलग पाहू शकतात. यकृताच्या कर्करोगाची गाठ लवकर उजळते आणि सहसा एक मिनिट उलटून गेल्यावर हळूहळू, थोडीशीच ओसरते. दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कर्करोगाची गाठ बहुधा एक मिनिटाच्या आतच झपाट्याने काळी पडते. रक्तवाहिन्यांची साधी, निरुपद्रवी गाठ कडेकडेने गोळ्यागोळ्यांनी भरत मध्यापर्यंत जाते. काही मिनिटांत बुडबुडे विरतात आणि आतला वायू श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडावर भार पडत नाही, म्हणून ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनाही ही तपासणी सोयीची पडते.

मग एमआरआय कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तरही तितकेच महत्त्वाचे आहे. बुडबुड्यांची तपासणी एका वेळी एकाच गाठीवर नजर ठेवू शकते. खोलवरचा किंवा आतड्यातील वायूआड गेलेला भाग तिला नीट दिसत नाही. एमआरआय सबंध यकृत दाखवतो आणि दुसरी एखादी गाठ कुठे लपली आहे का तेही सांगतो. एक तपासणी सगळे गाव दाखवते, दुसरी एका घराच्या दारात थांबून कोण आत गेले आणि कोण बाहेर आले हे पाहते. प्रत्येक रुग्णाला दोन्ही लागत नाहीत. पण एकीने शंका ठेवली तर दुसरीला विचारावे, हाच यातला शहाणपणा.

शिक्षक लांजव्हँ

लांजव्हँ यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९१५ मध्ये ह्यूज पदक आणि १९४० मध्ये कॉप्ली पदक देऊन त्यांचा गौरव केला. पण त्यांची खरी मिळकत त्यांचे विद्यार्थी होते. लुई द ब्रॉय यांचा पदार्थलहरींविषयीचा प्रबंध परीक्षकांना चमत्कारिक वाटला, तेव्हा लांजव्हँ यांनीच तो आइन्स्टाइनकडे पाठवला. द ब्रॉय यांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले. फ्रेदेरिक जोलिओ या आपल्या विद्यार्थ्याची त्यांनी मादाम क्यूरींकडे शिफारस केली. जोलिओ आणि मादाम क्यूरींची कन्या इरेन या पतिपत्नीला १९३५ मध्ये नोबेल मिळाले. आपले सत्येंद्रनाथ बोस १९२४ मध्ये पॅरिसला गेले तेव्हा तेही लांजव्हँ यांना भेटले होते.

विज्ञान आणि समाज वेगळे ठेवता येत नाहीत, अशी त्यांची धारणा होती. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३४ मध्ये, फ्रान्समधील बुद्धिवंतांनी फॅसिझमविरुद्ध एक समिती काढली. तिच्या संस्थापकांत लांजव्हँ होते. जर्मन सैन्याने पॅरिस घेतल्यावर ३० ऑक्टोबर १९४० रोजी गेस्टापोने त्यांना अटक केली. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. पुढच्याच आठवड्यात विद्यार्थ्यांनी निषेध केला. पाच-सहा आठवडे तुरुंगात ठेवून त्यांना त्रुआ या गावी नजरकैदेत पाठवण्यात आले. त्यांचे जावई जाक सोलोमाँ हेही भौतिकशास्त्रज्ञ होते. मे १९४२ मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. कन्या एलेन हिला जानेवारी १९४३ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत पाठवले. ती वाचली, हे कुटुंबाचे भाग्य. स्वतः लांजव्हँ मे १९४४ मध्ये गुप्तपणे स्वित्झर्लंडला निसटले.

पॅरिस मुक्त झाल्यावर ते परतले. एवढे सोसलेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाने विश्रांती घेतली असती तर कुणी बोल लावला नसता. पण फ्रान्सच्या शिक्षणाची नवी घडी बसवण्यासाठी सरकारने एक आयोग नेमला आणि लांजव्हँ यांनी त्याचे अध्यक्षपद स्वीकारले. १९ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. मानसशास्त्रज्ञ आँरी वालाँ यांनी काम पुढे चालवले आणि १९४७ मध्ये अहवाल सादर झाला. तो लांजव्हँ-वालाँ योजना या नावाने ओळखला जातो. प्रत्येक मुलाला, घर गरीब असो वा श्रीमंत, आपल्या कुवतीप्रमाणे पूर्ण वाढण्याचा समान हक्क आहे, हे तिचे सूत्र. शिक्षण अठराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, हाताचे काम आणि बुद्धीचे काम यांना सारखाच मान असावा, वर्गात पंचवीसपेक्षा जास्त मुले नसावीत, अशा तिच्या शिफारशी होत्या. ती योजना जशीच्या तशी कधी अमलात आली नाही, पण फ्रान्समध्ये शिक्षणाची चर्चा निघाली की तिचे नाव निघतेच.

आपण बडोदेकर मराठी मंडळींना हा विचार परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्यामुळेच पाटी-पेन्सिलीपर्यंत पोचले. दोन देशांत, दोन निराळ्या माणसांना एकच गोष्ट पटली होती. कुठल्या घरातून उद्याचा शास्त्रज्ञ किंवा डॉक्टर निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून शाळेचे दार सर्वांना उघडे हवे. मोजमाप करणाऱ्या एका सामान्य माणसाचा मुलगा नगरपालिकेच्या विद्यालयात गेला नसता, तर त्याला पिएर क्यूरी भेटले नसते. वर्गांची पटसंख्या ठरवताना आणि फीच्या सवलतीचे अर्ज पाहताना ही गोष्ट आम्ही सर्वांनी, विश्वस्तांनीही, ध्यानात ठेवावी असे आम्हाला वाटते.

१७ नोव्हेंबर १९४८ रोजी लांजव्हँ यांचे अवशेष पॅरिसच्या पाँथेऑँ या राष्ट्रीय स्मारकात समारंभाने ठेवण्यात आले. १९९५ मध्ये तिथे पिएर आणि मारी क्यूरी यांचेही अवशेष आणले गेले. एकाच प्रयोगशाळेतले गुरू आणि शिष्य आता एकाच छपराखाली आहेत.

यकृताच्या गाठीचे निदान हा विषय लांजव्हँ यांच्या स्वप्नातही आला नसेल. एक काम त्यांनी निव्वळ कुतूहलाने केले, दुसरे देशावर संकट आले म्हणून. दोन्हींचा उपयोग शेवटी रुग्णाच्या खाटेशेजारी झाला. आपल्या सरांची गाठ कर्करोगाचीच निघाली. पण ती लहान असतानाच आणि नक्की कळल्यामुळे सोनोग्राफीत पाहत पाहत सुई घालून उष्णतेने जाळता आली. ते आता ठरलेल्या वेळी तपासणीला जातात आणि शनिवारी विज्ञान मंडळात येतात.

जाता जाता पालकांना एक विनंती. हिपॅटायटिस 'बी'ची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आहे आणि तिचा पहिला डोस जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत देतात. आपल्या मुलांना सर्व डोस मिळाले आहेत का, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्या. घरात कुणाला यकृताचा जुना आजार असेल तर त्यांची सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकू देऊ नका. आणि मुलांनो, सरांच्या पुढच्या कोड्याला तयार राहा.